मुलुंड ते अंधेरी, भूकंपासकट

आमच्या सोसायटीच्या दिवाळी अंकात दरवर्षी एक प्रवासवर्णन असतं. मागच्या वर्षी बी विंगमधल्या वैद्यकाकांचं स्वित्झर्लंड होतं, त्याच्या आदल्या वर्षी जोशीकाकूंचं लंडन. यंदा कोणीच कुठे गेलं नाही. अंकाचं संपादन करणाऱ्या कुलकर्णीबाईंनी मला जिन्यात गाठलं. "मध्ये काही दिवस दिसली नाहीस गं. कुठे गेली होतीस?" मी म्हटलं, अंधेरीला. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "चालेल."

तर हे अंधेरीचं प्रवासवर्णन. हसण्याआधी आठवून बघा, आपल्या बिल्डिंगमधल्या किती जणांनी अंधेरी नीट पाहिली आहे? विमानतळावर कोणाला सोडायला जाताना टॅक्सीच्या काचेतून दिसली असेल तेवढीच. आपण दादरला जातो, ठाण्याला जातो, फारच उत्साह आला तर साड्या घ्यायला घाटकोपरला उतरतो. पवईच्या तलावापलीकडे आपलं काही काम असेल असं आपल्याला वाटतच नाही. माझी सख्खी मावशी अंधेरीला मरोळमध्ये राहते. सणावारी ती आमच्याकडे येते. आम्ही तिच्याकडे जात नाही, "लांब पडतं" म्हणतो.

मी गेले ती कामासाठी. इथे मुलुंडलाच पाच रस्त्याजवळ केळकर सरांचं ऑफिस आहे, तिथे मी नकाशे काढते. केळकर सर म्हणजे आपल्या सी विंगच्या गॅलऱ्या बंद करून देणारे आर्किटेक्ट. गॅलऱ्या बंद करता करता त्यांना सिनेमाच्या स्टुडिओचं काम कसं मिळालं, तर एका लग्नाच्या पंगतीमुळे. सर नुकतेच मेव्हण्याकडे अमेरिकेला जाऊन आले होते. तिथे एका सिनेमा कंपनीने भलीमोठी बाग केली आहे. लोक छोट्या गाडीत बसून फिरतात आणि त्यांच्या आजूबाजूला भूकंप, पूर, आग असं सगळं ठरल्या वेळी होतं. हे सगळं सर जिलबीबरोबर सांगत होते आणि शेजारच्या पाटावर भाऊसाहेब बसले होते.

भाऊसाहेबांचा अंधेरी पूर्वेला, आरे कॉलनीच्या कडेला, वडिलांनी उभारलेला स्टुडिओ आहे. (नाव लिहू नका म्हणाले.) शूटिंगच्या जागेमागे जुने सेट न मोडता त्यांची बाग केली आहे: एक हवेली, एक खेड्यातली गल्ली, एक तुरुंग, एक तळं. तिकीट काढून लोक हे बघायला येतात. म्हणजे यायचे. हल्ली लोक व्हिडिओ भाड्याने आणतात आणि एका रात्रीत घरबसल्या तीन सिनेमे बघतात. बाग ओस पडली. त्यात जमिनीची अर्धी मालकी भाऊसाहेबांच्या थोरल्या बहिणीची, बोरिवलीच्या माईंची. एक बिल्डर दोघांच्या मागे लागला होता. माईंनी भावाला निरोप पाठवला होता: शनिवारी मी येते, बागेचं नवं काय करणार ते मला पटवून दे. पटलं तर राहू दे, नाही पटलं तर जमीन विकायची.

म्हणून मंगळवार ते शनिवार आम्ही तिथेच बसून डोकं चालवायचं आणि बागेचा नवा नकाशा तयार करायचा असं ठरलं. मी रात्री मावशीकडे राहायचं या अटीवर आईने सोडलं.

आरेतून जाताना

आम्ही सरांच्या फियाटमधून गेलो. सर, मी आणि प्रमोद. प्रमोद ऑफिसातला दुसरा ड्राफ्ट्समन. त्याचे वडील लालबागला गिरणीत होते, आता सगळे भांडुपला राहतात. तो मला भेटल्या दिवसापासून "काय गं" म्हणतो आणि मी त्याला अजून "तुम्ही" म्हणते, त्यामुळे त्याला आपण म्हातारे झाल्यासारखं वाटतं, असं तो म्हणतो.

पवई संपली आणि झाडं सुरू झाली. मुलुंडच्या माणसाला डोंगर नवीन नाही, आपल्याही मागे तोच डोंगर आहे, पण त्याची पाठ बघायची सवय झालेल्याला त्याचं तोंड बघून जरा ओशाळल्यासारखं होतं. रस्ता इतका मोकळा की सरांनी चौथा गिअर टाकला, आणि वळणावर म्हशी आल्या. एक पूर्ण तबेला रस्ता ओलांडत होता. सरांनी हॉर्न वाजवला. एका म्हशीने थांबून आमच्याकडे बघितलं, मग गाडीच्या बॉनेटला मान घासली. फियाट बंद पडली.

"सर, तिने पॅकअप सांगितलं," प्रमोद म्हणाला.

"तू उतर आणि धक्का मार."

"मी एकटा?"

"नीलिमाला सांगू का?"

मी आधीच उतरले होते. गाडीला धक्का मारताना बोलावं लागत नाही, म्हणून मला ते काम आवडतं. गोठ्यावरच्या भय्याने मदत केली, वर आम्हाला ताज्या दुधाचे तीन पेले दिले आणि कुठे जाताय विचारलं. स्टुडिओ म्हटल्यावर त्याने माझ्याकडे, मग प्रमोदकडे, मग सरांकडे नीट बघितलं आणि मान हलवली. आम्हा तिघांत त्याला हिरो सापडला नाही.

कोर्ट

मीटिंग कुठे घ्यायची हा पहिला प्रश्न आला. भाऊसाहेबांच्या ऑफिसात बिल्डरचा माणूस चहा पीत बसलेला असायचा. कॅन्टीनमध्ये भांड्यांचा आवाज. पंखा, दिवे आणि भरपूर बाकं असलेली एकच जागा होती, ती म्हणजे कोर्टाचा सेट. आपल्या सिनेमांत शेवटी कोर्ट लागतंच, त्यामुळे तो सेट कधी मोडत नाहीत. भाड्याने जातो आणि मधल्या दिवसांत रिकामा असतो.

त्या कोर्टात उशी असलेली खुर्ची एकच, न्यायाधीशांची. सरांना पाठदुखी, म्हणून ते तिथे बसले. मी आणि प्रमोद वकिलांच्या टेबलावर कागद पसरून. भाऊसाहेब पहिल्या बाकावर. नकाशा उचलून सगळ्यांना दाखवायचा तर दिवे फक्त दोन पिंजऱ्यांवर रोखलेले. साक्षीदाराच्या पिंजऱ्याची फळी मोडली होती. त्यामुळे ज्याला काही सुचेल त्याने आरोपीच्या पिंजऱ्यात उभं राहून सांगायचं, असं आपोआप होऊन गेलं. मागे प्लास्टरची न्यायदेवता होती. तिच्या तराजूचं एक पारडं हरवलेलं, तिथे कोणीतरी कॅन्टीनची ताटली टांगली होती.

स्टुडिओतली माणसं सरांना पहिल्या चहापासूनच जजसाहेब म्हणायला लागली. सरांनी एकदाही "अहो, मी आर्किटेक्ट" असं म्हटलं नाही.

प्रमोद पहिला आरोपी. "माय लॉर्ड, मगर."

"कसली मगर?"

"तळ्यात. लोक पुलावरून जाणार, मगर जबडा उघडणार, सगळे ओरडणार."

"अमेरिकेत शार्क आहे," सर म्हणाले.

"सर, आपल्या लोकांना शार्कचं काय? आमच्याकडे त्याला मोरी म्हणतात आणि मटणासारखी करून खातात. लोक बघतील आणि म्हणतील, काय भाव?"

सरांनी मगर मान्य केली, पण नाखुशीने.

भाऊसाहेबांनी पिंजऱ्यात उभं राहून सांगितलं की मधोमध त्यांच्या वडिलांचा पुतळा असावा, फिरता, म्हणजे बागेत कुठेही उभं राहिलं तरी कधी ना कधी वडील आपल्याकडे बघतील. मी पुतळा काढला. खाली चाकं दाखवली.

मग सरांनी स्लाइड दाखवल्या. त्यासाठी कोर्टाचे दिवे बंद केले. अमेरिकेतली ती बाग खरंच प्रचंड असावी. नक्की सांगता येत नाही, कारण प्रत्येक स्लाइडमध्ये मधोमध केळकरकाकू होत्या. जिथे पूर यायचा तिथे काकू, जिथे पूल कोसळायचा तिथे काकू. भूकंपाच्या स्लाइडमध्ये तर फक्त काकूच होत्या, आणि एकदम स्थिर.

"पण भूकंपात पाडायचं काय?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"बिल्डिंगी. दर अर्ध्या तासाने."

"सर, त्या आधी बांधायला लागतील. ते काम करायला तयार असलेला माणूस बाहेर चहा पितोय," प्रमोद म्हणाला. भाऊसाहेब हसले आणि मग हसायचे थांबले.

सरांनी माझ्याकडे बघितलं. "नीलिमा, तुला काय वाटतं?"

माझी अडचण अशी की मनात वाक्य तयार होतं ते शाळेच्या इंग्रजीत. ते मराठीत आणेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. शाळेत वाद घालायला शिकवलं ते इंग्रजीत, आणि मराठीत मी घरी गप्प बसायला शिकले. मी म्हटलं, "सर, पंखा जरा हळू करू का? कागद उडतायत."

"तू बोलणार नसशील तर निदान बघून ये," सर म्हणाले. "लोक फिरताना काय बघतात ते बघ."

वाजवून बघणारे

बघणं मला छान जमतं. बुधवारी दिवसभर मी येईल त्या मंडळींच्या मागे चार पावलं अंतर ठेवून फिरले. एक गाईड होता, तो शूटिंगच्या गोष्टी सांगायचा, कुठे हिरोने उडी मारली, कुठे आई आंधळी झाली. लोक ऐकत नसत. लोक भिंती वाजवून बघत. नारळ घेताना वाजवतात ना, तसंच, बोटाच्या पेराने. पोकळ आवाज आला की खूश होऊन शेजारच्याला सांगायचे, "खोटं आहे." मग शेजारचा वाजवायचा. हवेलीच्या खांबांचा रंग माणसाच्या हाताच्या उंचीवर पार उडाला आहे. मीही एका दगडी कठड्याला टेकले आणि कठडा माझ्याबरोबर निघाला.

"इथे खरं काय आहे?" एका बाईंनी गाईडला विचारलं.

"कॅन्टीन," तो म्हणाला.

आणि ते खरं आहे. तिथली वाटाण्याची उसळ आणि पाव मी रोज खाल्ला. आपल्याकडे उसळीत गूळ घालतात, तिथे घालत नाहीत. मी आईला अजून सांगितलेलं नाही, पण न घातलेली चांगली लागते.

सगळं वाजवून झालं की मात्र लोकांचे चेहरे पडायचे. पोरं आईस्क्रीम मागायची, बाया सावली शोधायच्या, पुरुष फाटकाकडे बघायचे. इतक्या लांब येऊन आपण सगळं खोटं आहे एवढंच बघितलं, असं त्यांच्या चालण्यात दिसायचं. हे मला भाऊसाहेबांना सांगता आलं नाही. ते दोनदा विचारायला आले. त्यांचा बागेवर जीव आहे, हे कोणालाही दिसेल. पोकळ खांबांना ते हात लावत नाहीत, वळसा घालून जातात.

घाटकोपरची आजी

गुरुवारी आम्ही कोर्टात मगरीच्या जबड्यावर अडलो होतो. सर खुर्चीत, प्रमोद पिंजऱ्यात, दिवे लावलेले. दार उघडं राहिलं होतं. घाटकोपरच्या एका चाळीची सहल गाईडबरोबर आत आली आणि दारातच चिडीचूप उभी राहिली. त्यांना वाटलं शूटिंग चालू आहे. प्रमोद "जबडा दोन सेकंदांत मिटला पाहिजे" म्हणत होता. एका बाईने पदराने तोंड झाकलं. तिला ही खुनाची केस वाटली, हे तिने मला नंतर सांगितलं.

गाईडने खुलासा केला, मग सगळे सैल झाले. त्यांच्यात एक आजी होत्या, लहानखुऱ्या, हातात पिशवी. त्यांनी प्रमोदला विचारलं, "बाबा, तुझं झालं का?"

"काय आजी?"

"बोलून झालं असलं तर मी उभी राहते."

प्रमोदला वाटलं फोटोसाठी. तो बाजूला झाला. आजी पिंजऱ्यात चढल्या, पिशवी पायाशी ठेवली, कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि सरांकडे बघून म्हणाल्या, "साहेब, माझं एक म्हणणं आहे."

आता सर इतके दिवस जजसाहेब म्हणवून घेत होते, त्याचा परिणाम असेल. ते पुढे वाकले आणि म्हणाले, "बोला."

"आमच्याकडे रंगीत टीव्ही घेतला. ह्या माझ्या मुलानेच घेतला, चांगला आहे तो. रविवारचा सिनेमा बघायला सगळी चाळ येते. जागा नको का व्हायला? म्हणून माझी खुर्ची टीव्हीच्या बाजूला सरकवली. टीव्हीच्या शेजारी मी. मला आवाज येतो, चित्र दिसत नाही. समोर सगळी माणसं बसलेली, त्यांची तोंडं तेवढी दिसतात. ती हसली की मी समजते काहीतरी झालं. रडली की मी पण जरा डोळे पुसते. वाईट दिसायला नको."

मुलगा, चांगला चाळिशीचा माणूस, पुढे आला. "आई, घरी कधी बोलली नाहीस."

"घरी कधी बोलू? तू आलास की टीव्ही लागतो."

सुनेने मान खाली घातली होती, पण ती हसू दाबत होती की दुसरं काही, ते मला दिसलं नाही. सरांनी समोरचा लाकडी हातोडा उचलला. तो आतून पोकळ, त्याचा टक्क असा हलका आवाज झाला. "खुर्ची टीव्हीसमोर ठेवण्यात यावी," ते म्हणाले. "पहिल्या रांगेत."

चाळीने टाळ्या वाजवल्या. आजी उतरायच्या आत त्यांच्या मागे रांग लागली होती. एका माणसाला शेजाऱ्याच्या कोंबड्याबद्दल बोलायचं होतं. एका मुलीला कॉलेजात नाव घालायचं होतं आणि वडील बाकावरच बसले होते. फाटक बंद व्हायची वेळ झाली तरी ती मंडळी निघेनात. एकानेही त्या भिंती वाजवल्या नाहीत.

मंडळी गेल्यावर सर म्हणाले, "सगळी दुपार फुकट गेली."

मी म्हणणार होते, सर, हेच. वाक्य तयार होतं. पण भाऊसाहेब कपाळाला हात लावून बसले होते. "वडिलांनी एवढं उभं केलं आणि लोक इथे कोंबड्यांची भांडणं करतायत," ते म्हणाले. मग माझं वाक्य आतच राहिलं. शुक्रवारी आम्ही भूकंपाची जागा ठरवली.

मरोळ

मावशी माझ्या आईची धाकटी बहीण. लग्न होऊन मालवणी घरात गेली आणि बोलणंही तिकडचं घेतलं. रोज संध्याकाळी दार उघडायच्या आधी विचारायची, "काय गो, हिरो गावलो?" मी नाही म्हटलं की म्हणायची, "जेव तर मगे." जेवायला बांगड्याचं तिखलं, भात आणि सोलकढी. मुलुंडला आम्ही बुधवारी-रविवारीच मासे करतो. तिच्याकडे वार नसतो, मासळीवाली असते.

शुक्रवारी मी तिला आजींचं सांगितलं. मला वाटलं ती हसेल. ती बांगडा उलटायचं सोडून उभी राहिली.

"आणि कोणी पण उभा रवला तर चलता?"

"तसं काही ठरलेलं नाही गं. ती बाग आहे."

"नाय, मी आपला इचारतंय." तिने गॅस बारीक केला. "माका जर उभी केली ना, तर मी तुझ्या आवशीक समोर बसवून इचारतलंय. मुलुंडसून अंधेरी लांब, मगे अंधेरीसून मुलुंड जवळ कसा काय?"

तिला उत्तर माझ्या आईकडून हवं होतं, माझ्याकडून नकोच होतं. तिने बांगडा माझ्या ताटात वाढला, मोठा होता तो.

शनिवार

माई रिक्षाने आल्या, एकट्याच. उंच, सुती साडी, चष्मा साखळीला लावलेला. आयुष्यभर शाळेत मुख्याध्यापिका होत्या, त्यामुळे त्या दारात येताच आम्ही तिघेही उभे राहिलो. सरांनी न्यायाधीशाची खुर्ची त्यांना दिली. माईंनी आधी उशी झटकली. मग कोर्टभर नजर फिरवली, छतापर्यंत. भाऊसाहेबांनी "माई, चहा?" विचारलं, त्यांनी "नंतर" म्हटलं. भाऊसाहेबांच्या शर्टाची पाठ घामाने भिजली होती. बिल्डरचा माणूस आज बाहेर नव्हता. त्याला बोलावणं गेलं की तो येणार होता.

प्रमोदने मगर सांगितली.

"पवईच्या तलावात आहेत की," माई म्हणाल्या. "तिकडे कोण जातं बघायला?"

भाऊसाहेबांनी पुतळा सांगितला. माईंनी फक्त विचारलं, "फिरता का?"

"सगळ्यांना दिसावे म्हणून."

"ते सगळ्यांना दिसायचेच, बाळू. त्यांना सगळे दिसायचे की नाही ते वेगळं." साठीच्या भाऊसाहेबांना बाळू म्हणणारं जगात आता एकच माणूस उरलं असावं.

सरांनी भूकंप सांगितला, नकाशासकट. माईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "म्हणजे लोकांनी तिकीट काढून पडझड बघायची. ती घराघरांत फुकट दिसते, केळकर."

सर खाली बसले. पंख्याखाली कागद हलत होते. आता कोणाकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि हे सगळ्यांना कळलं होतं. भाऊसाहेब नकाशा गुंडाळायला लागले, अगदी सावकाश, कडा जुळवत.

"आणि ही मुलगी?" माईंनी विचारलं. "ही काय करत होती?"

"ती नकाशे काढते," सर म्हणाले.

"माई, सगळ्यात जास्त हिनेच बघितलंय," प्रमोद म्हणाला. "फक्त बोलत नाही."

मी उठले आणि पिंजऱ्याकडे निघाले. "कुठे चाललीस? बसून सांग," माई म्हणाल्या. "नाव काय?" मी सांगितलं. "नीलिमा, तू स्वतः तिकीट काढून इथे येशील का?"

भाऊसाहेबांचे हात थांबले. हो म्हणणं सोपं होतं.

"नाही," मी म्हटलं.

सरांनी डोळे मिटले.

"मी नाही येणार. माझी मावशी येईल. ती आईला घेऊन येईल." मग मला थांबता आलं नाही. लोक भिंती वाजवतात ते सांगितलं, वाजवून झालं की चेहरे कसे पडतात ते सांगितलं. आजींची खुर्ची सांगितली, कोंबडा सांगितला, कॉलेजात जायचं असलेली मुलगी सांगितली. मावशीचा प्रश्न तिच्या शब्दांत सांगितला. "इथलं बाकी सगळं खोटं आहे हे लोकांना ठाऊक असतं," मी म्हटलं. "त्या पिंजऱ्यात उभं राहिलं की ते खरं बोलतात. घरी म्हणता येत नाही ते इथे म्हणता येतं, कारण इथे खेळ म्हणून म्हणता येतं. भूकंप नको. एक कोर्ट आहे, आणखी दोन-तीन जागा करू या. रेल्वेचा फलाट, हॉस्पिटलचा बाहेरचा बाक. लोकांनी यावं आणि ज्याच्याशी बोलायचं त्याला घेऊन यावं." एवढं मराठी मी सलग कधी बोलले नव्हते. मध्ये दोन-तीन शब्द इंग्रजी आले, ते माईंनी मला दुरुस्त करून दिले.

माईंनी तराजूला टांगलेल्या ताटलीकडे एकदा बघितलं.

"बाळू, तू जा तिथे."

"कुठे?"

"पिंजऱ्यात."

भाऊसाहेब हसले. माई हसल्या नाहीत. ते नकाशा टेबलावर ठेवून पिंजऱ्यात गेले. दिवे त्यांच्यावर पडले आणि ते एकदम लहान दिसायला लागले.

"बाबा जाऊन एवढी वर्षं झाली. स्टुडिओ तू चालवलास, चांगला चालवलास. दर दिवाळीला फराळ पाठवलास. इथे ये असं मला एकदाही का म्हणाला नाहीस?"

"माई, तुला सिनेमाची चीड आहे."

"कोणी सांगितलं?"

"बाबांनी. मी विचारायचो ना, माई का येत नाही. ते म्हणायचे, तिला नाही आवडत असलं."

माईंनी चष्मा काढून साखळीवर सोडला. "मी रोज यायचे. बाबांचा डबा घेऊन. फाटकावरचा गुरखा डबा घ्यायचा आणि मला परत पाठवायचा. चांगल्या घरच्या मुलींनी आत यायचं नाही, असं त्याला सांगून ठेवलं होतं. आतून गाण्याचा आवाज यायचा. मी फाटकाबाहेर उभी राहून ऐकायचे, मग घरी जायचे. आज पहिल्यांदा आत आले, बाळू. जमीन विकायची की नाही ते ठरवायला."

भाऊसाहेबांनी कठडा घट्ट धरला होता. "मला खरंच वाटायचं की तू..." ते म्हणाले आणि थांबले. "मी तुझ्याकडे यायला हवं होतं. विचारायला."

"हो," माई म्हणाल्या. "यायला हवं होतंस."

मग त्या आमच्याकडे वळल्या, मुख्याध्यापिकेच्या आवाजात. "केळकर, बिल्डरला एक वर्ष थांबायला सांगते. ही मुलगी म्हणते तसं करा. भूकंप काढून टाका. वर्षभराने मी परत बघीन."

सरांनी वहीत लिहून घेतलं. प्रमोद माझ्याकडे बघून काहीतरी म्हणणार होता, मी मान हलवून त्याला नको म्हटलं.

"माई, उतरू?" भाऊसाहेबांनी पिंजऱ्यातून विचारलं.

"थांब. अजून माझं संपलेलं नाही."

आम्ही कागद गोळा केले, आवाज न करता, आणि बाहेर आलो. सरांनी कोर्टाचं दार स्वतः ओढून घेतलं. बाहेर गाईड मुलुंडच्या एका कुटुंबाला घेऊन उभा होता, चक्क आपल्या मुलुंडच्या. आत जायचं का, त्याने विचारलं.

"आज कोर्ट बंद आहे," सर म्हणाले.

ती मंडळी काही गेली नाहीत. बाहेरच्या पायऱ्यांवर सतरंजी टाकून त्यांनी डबे उघडले आणि आम्हालाही बसवून घेतलं. बंद दाराआडून दोघांचे आवाज येत होते, एकदा माईंचा, एकदा भाऊसाहेबांचा. शब्द कळत नव्हते. थालीपीठ संपलं तरी ते थांबले नव्हते.